शेजाऱ्याची ओळख दलालामार्फत कशाला?

मशीद पाहावयास चला, असें कोणीं म्हटलें कीं आमच्यांतल्या कांहीं मंडळींच्या कपाळास आठी पडते. 'मशिदींत जाऊन काय पाहावयाचें?' 'आधीं त्यांनीं आमच्या देवळांत यावें, मग पाहूं.' 'हा सारा धर्मांतराचा डाव आहे.' सांगवीसारख्या ठिकाणीं हीं वाक्यें चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या बैठकींत आणि मोबाईलवरच्या गटांत इतक्या सहज बोललीं जातात कीं तीं आपलींच आहेत असें बोलणारास वाटतें. तीं त्याचीं नाहींत. कोणीतरी तीं त्याच्या तोंडीं घातलीं आहेत. घालणारे कोण, आणि त्यांत त्यांचा लाभ कोणता, हें वाचकहो, आज आम्हांस विचारावयाचें आहे.

सांगवी म्हणजे काय? मुळा आणि पवना यांच्या कांठची जुनी सांगवी शेतकऱ्यांची, आणि तिच्या पाठीस वाढलेली नवी सांगवी कारखान्यांत राबणारांची. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, पुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी येथें कारखाने उभे राहिले, मग चाकण. सातारा, सोलापूर, बीड, लातूर, खानदेश येथून मराठे, माळी, धनगर, वंजारी, बौद्ध, मातंग पोटासाठीं इकडे आले; त्यांच्याच एस.टी.ंतून तांबोळी, बागवान, मुलाणी, पिंजारीही आले. पाळीच्या भोंग्यानें कोणाचा धर्म विचारला नाहीं. आज एकाच शेडमध्यें दोघे शेजारीं उभे राहून काम करितात, डबा एकत्र सोडतात, कंत्राटदाराला मिळून शिव्या देतात. पण हेच दोघे संध्याकाळीं सांगवींत भाड्याची खोली पाहावयास निघाले तर एकास किल्ली मिळते, आणि दुसऱ्यास नांव विचारून 'आत्तांच दिली' असें उत्तर मिळतें. आपली मोटार त्याच्या गॅरेजांत दोन दिवस बिनघोर सोडणारा गृहस्थ त्यालाच आपल्या जिन्यावर भाडेकरू म्हणून पाहूं शकत नाहीं. कारण विचारा, स्वतःचा अनुभव एकही सांगत नाहीं. सारें ऐकीव.

हें ऐकीव ज्ञान तरी किती आहे? आमच्या एखाद्या पदवीधर तरुणास दोन साधे प्रश्न करा. रमजानची ईद आणि बकरी ईद यांत फरक काय? जकात कोणास द्यावयाची? मशिदींतला इमाम हा पुजारी असतो काय? उत्तर यावयाचें नाहीं. महिनाभर रोजे पाळून झाल्यावरची एक ईद, आणि इब्राहिमाच्या बलिदानाच्या आठवणीची दुसरी. वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या संपत्तींतून शेंकडा अडीच गोरगरिबांसाठीं, कर्जांत बुडालेल्यांसाठीं, वाटसरूंसाठीं काढावयाचे ती जकात. आणि इमाम म्हणजे नमाजांत पुढें उभा राहणारा, ज्याचा अधिकार जन्मानें ठरत नाहीं, एवढें समजण्यास एक तास पुरे. तो तास आमच्या तरुणास मिळत नाहीं. पण 'त्यांची संख्या वाढून आपण अल्पसंख्य होणार' हें मात्र त्यास तोंडपाठ असतें. २०११ च्या शिरगणतींत महाराष्ट्रांतील मुसलमान शेंकडा साडेअकरा भरले. शेंकडा साडेअकरांच्या भीतीनें साडेअठ्ठ्याऐंशींनीं झोप सोडावी, हें गणित कोणत्या शाळेंत शिकवितात?

जोतीराव फुल्यांचें सारें भांडण मध्यस्थाशीं होतें. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दक्षिणा घेणारा दलाल नको, शेतकरी आणि सरकार यांच्यामध्यें लाच घेणारा दलाल नको. हाच न्याय शेजाऱ्याच्या ओळखीस लावला पाहिजे. देवाची ओळख ज्यानें आम्हांस स्वतःच्या सोयीनें करून दिली तो मुसलमानाची ओळख आमच्या सोयीनें करून देईल, हें संभवत नाहीं. इतकें मात्र प्रांजळपणें सांगितलें पाहिजे कीं आजचा दलाल एका जातीचा राहिला नाहीं. तो आमच्याही जातीचा असतो, आमच्याच आळींत राहतो, कपाळास टिळा लावून निवडणुकीचें तिकीट मागतो. पूर्वीं पोथी त्याच्या हातांत होती, आतां मोबाईल आहे.

जोतीरावांनीं मुसलमानाची ओळख कशी करून घेतली तें पाहा. शाळेंतून काढलेल्या या माळ्याच्या पोरास पुन्हां शाळेंत घाला, म्हणून गोविंदरावांच्या मागें लागणारे गृहस्थ दोन: उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब. १८४१ सालीं जोतीराव पुन्हां शाळेंत गेले. पुढें मुलींची शाळा काढली म्हणून या दांपत्यास घर सोडावें लागलें तेव्हां पुण्यांत जागा दिली ती उस्मान शेख यांनीं. त्याच घरांतली फातिमा सावित्रीबाईंबरोबर शिकवूं लागली. १८५६ च्या ऑक्टोबरांत सावित्रीबाईंनीं माहेराहून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत, आपण नसल्यामुळें फातिमेस त्रास पडत असेल, अशी काळजी आहे. तें पत्र त्यांच्या समग्र वाङ्मयांत छापलेलें आहे. असें असतां २०२५ च्या जानेवारींत एका लेखकानें जाहीर केलें कीं फातिमा शेख हें पात्र आपणच रचलें. रातोरात तें सगळीकडे फिरलें आणि आमच्या पोरांनींही पुढें ढकललें. फातिमेविषयीं जें जें सांगितलें जातें त्या साऱ्यास कागद नाहीं, हें कबूल. पण पत्र आहे, आणि तें उघडून पाहण्याचे कष्ट किती जणांनीं घेतले? दलालाचा धंदा चालतो तो याच आळसावर.

महंमद पैगंबरांवर जोतीरावांनीं 'मानव महंमद' ही कविता लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं छापल्या गेलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त तर त्यांनीं एक कुटुंब कल्पिलें आहे: बाईनें बुद्धाचा ग्रंथ वाचून तो धर्म घ्यावा, नवऱ्यानें बायबल वाचून ख्रिस्ती व्हावें, मुलीनें कुराण वाचून मुसलमान व्हावें, मुलानें सत्यधर्मी व्हावें, आणि या सर्वांनीं एकमेकांचा द्वेष न करितां एकाच घरांत नांदावें. सव्वाशेंहून अधिक वर्षें झालीं. जोतीरावांनीं चार धर्म एका छपराखालीं ठेविले. आम्हांस ते एका इमारतींतही चालेनात. आणि जयंतीस हार घालण्यास आम्ही पहिले!

ही ओळख तुटली कशी, याचाही इतिहास आहे. एके काळीं पुण्याच्या मोहरमांत हिंदु मोठ्या संख्येनें सामील होत. ताबूत बसवीत, सवारीपुढें नाचत. १८९३ सालीं मुंबईस दंगा झाला. १८९४ सालीं पुण्याच्या हिंदूंनीं मोहरमांस जाऊं नये असा प्रचार टिळकपक्षाच्या मंडळींनीं चालविला, सार्वजनिक गणेशोत्सव वाढविला, आणि मेळ्यांच्या गाण्यांतून तीच गोष्ट बहुजनांच्या कानीं घातली. गणपतीशीं आमचें भांडण नाहीं; तो घरोघर होताच. पण एक सण वाढवितांना दुसऱ्या सणांतून शेजाऱ्यास उठवून आणण्याचें कारण काय होतें? त्याच १८९३ सालीं 'दीनबंधू'कर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनीं काय केलें? ज्या गिरणी कामगारांच्या चाळींत दंग्याची आग पोंचली होती, त्या हिंदु-मुसलमान कामगारांस त्यांनीं राणीच्या बागेंत एकत्र जमविलें. लोखंड्यांचें मूळ गांव खेड तालुक्यांतलें कन्हेरसर. म्हणजे चाकणचाच तालुका. चाकणच्या कारखान्यांत रविवारची सुटी घेणाऱ्या किती कामगारांस ठाऊक आहे कीं ती सुटी १८९० सालीं मिळवून देणारा माणूस आपल्या तालुक्यांतला होता, आणि दंग्याविषयीं त्याचें मत काय होतें?

शाहू छत्रपतींनीं तर ओळखीचें काम व्याख्यानावर सोडलेंच नाहीं. १९०६ सालीं कोल्हापुरांत मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करविली, मुसलमान मुलांसाठीं बोर्डिंग काढलें, अध्यक्षपद स्वतःकडे ठेविलें. कुराण मराठींत यावें म्हणून पैसाही दिला. मराठींत कां? करवीरच्या मुसलमान शेतकऱ्यासच अरबी येत नव्हती म्हणून. कुराण मराठींत आलें कीं मुसलमानाचा मुल्ला थोडा निरुपयोगी होतो, आणि 'कुराणांत असें असें लिहिलें आहे' म्हणून हिंदूंस सांगत फिरणारा निरूपणकारही होतो. दोन दलाल एका दगडांत!

आतां आजकाल काय चाललें आहे तें पाहूं. २०१४ च्या जून महिन्यांत हडपसरांत मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणास जमावानें ठार केलें. तो संगणक कंपनींत नोकरीस होता, नमाज आटोपून खोलीकडे चालला होता. ज्या चित्रांवरून क्षोभ माजला होता त्यांच्याशीं त्याचा काडीचा संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख जमावास पुरली. २०२३ च्या जानेवारींत न्यायालयांतून आरोपी निर्दोष सुटले. २०२५ च्या ऑगस्टांत दौंड तालुक्यांतल्या यवत येथें एका मजकुरावरून जाळपोळ झाली. त्याच वर्षीं मुळशी तालुक्यांत घोटवडे, पिरंगुट येथें बाहेरगांवच्या मुसलमानांनीं गांवच्या मशिदींत नमाजास येऊं नये असे ठराव झाले. त्याच मुळशीकडून वाहत येणारी मुळा नदी सांगवीस येते. पाण्याबरोबर ठरावही वाहत येण्यास किती वेळ लागतो?

मढीचा ठराव आणखी मासलेवाईक. पाथर्डी तालुक्यांतलें मढी म्हणजे कानिफनाथांचें ठाणें. तेथील स्थानास मुसलमान शाह रमजान म्हणून मानीत आले. यात्रा भटक्यांची, बहुजनांची. २०२५ च्या फेब्रुवारींत तेथल्या ग्रामसभेनें यात्रेंत मुसलमानांचीं दुकानें नकोत असा ठराव केला. गटविकास अधिकाऱ्यानें तो स्थगित केला म्हणून बरें. पुढच्याच महिन्यांत राज्याच्या एका मंत्र्यानें हिंदु खाटकांसाठीं 'मल्हार' नांवाचें प्रमाणपत्र काढलें. मल्हार म्हणजे आमचा जेजुरीचा खंडोबा, ज्यास मुसलमान भाविक मल्लूखान म्हणतात! गांवगाड्यांत मुलाणी होता तो कशाकरितां होता हें त्या मंत्र्यास कोणींतरी सांगावयास पाहिजे. जत्रेचा बकरा मुलाण्यानें कापल्याखेरीज पाटलाच्या घरीं शिजत नसे; त्याचा हक्क गांवानें लावून दिलेला होता. आमच्या पणजोबांस जें मटण चाललें तें पणतूस बाटविणारें कसें झालें, हें प्रमाणपत्रावर लिहिलेलें नाहीं.

२०२५ च्या फेब्रुवारींतच चिखलीच्या कुदळवाडींत महापालिकेनें भंगाराचीं गोदामें व शेडें हजारोंनीं पाडलीं. बांधकामें कायदेशीर होतीं कीं नव्हतीं, हा वाद येथें नको. आम्ही बोलतों तें त्या दिवशीं मोबाईलवर जो आनंद उसळला त्याविषयीं. 'त्यांचीं' पाडलीं म्हणून पेढे वांटणाऱ्यांस ठाऊक नव्हतें कीं पत्र्याखालीं मराठी लघुउद्योजकही होते आणि तेथें रोजावर जाणारीं माणसें सर्व जातींचीं होतीं. शेजारी ओळखीचा असता तर आपलें नुकसान तरी ओळखतां आलें असतें.

दंगा झाल्यावर पोलिसांच्या यादींत कोणाचीं नांवें असतात, एवढें एकदां वाचा. भाषण करणाराचें नांव क्वचित् सांपडेल. त्याचा मुलगा तर मुळींच सांपडणार नाहीं, तो परदेशीं शिकत असतो. सांपडतात तीं आमचींच पोरें. खटला पांच-दहा वर्षें चालतो. पोलिसांचा दाखला मिळत नाहीं म्हणून कंपनींत कायम होत नाहींत, आई जामिनासाठीं पाटल्या मोडते. हाच तो लाभ. दलालास मतें, पोरास तारीख.

आतां आक्षेप घेऊं. 'त्यांनीं आमच्या देवळांत यावें, मग आम्ही जाऊं.' ठीक, पण आमच्याच कित्येकांस देवळांत जाण्यासाठीं सत्याग्रह करावे लागले, हें विसरून हें आमंत्रण देतां काय? मुसलमानास बोलवा, जरूर बोलवा, तो येतोही. गणपतीच्या मांडवाला लागणारी वीज आणि ध्वनिक्षेपक जोडणाऱ्यांत तो असतो, हार ओवणाऱ्यांत असतो. बोलावणें नसतें तें पंगतीचें.

'हा धर्मांतराचा डाव आहे.' तासभर मशीद पाहून ज्याचा धर्म सुटेल त्याचा धर्म होता तरी किती? आमचा आजा दर शुक्रवारीं पिराला ऊद जाळीत असे आणि आषाढींत पंढरीसही जात असे. त्याचें कांहीं सुटलें नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. 'त्यांच्यांतही दोष आहेत, ते कोण सांगणार?' खरें आहे, आणि ओळख करून देणाऱ्या मुसलमान मंडळींस आम्ही हें स्पष्ट ऐकवूं इच्छितों. २०१९ सालीं पुण्याच्या आझम कॅम्पसमधील मशिदीचीं दारें सर्व धर्मांच्या स्त्री-पुरुषांसाठीं उघडलीं गेलीं, तें उत्तम झालें. २०२० च्या एप्रिलांत करोनाच्या सांथींत त्याच मशिदीचा मजला विलगीकरणासाठीं देऊं केला गेला, तें तर व्याख्यानाहून मोठें झालें. पण अशा 'मशीद परिचया'त पाहुण्यास खजूर, अत्तर आणि एक गुळगुळीत पत्रक मिळतें, ज्यांत इस्लामांत सारें कसें समतेचें आहे एवढेंच असतें. मग पाहुणा विचारतो, माझी बायको येथें नमाजास बसूं शकेल काय, आणि यजमान घड्याळ पाहतो. सांगवीच्या नदीपलीकडे बोपोडीच्या मशिदींत स्त्रीस नमाजासाठीं प्रवेश मिळाला नाहीं म्हणून एका मुसलमान दांपत्यानेंच २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें. हें पत्रकांत कां नसावें? हमीद दलवाई यांनीं १९६६ च्या एप्रिलांत सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर नेला, १९७० च्या मार्चांत पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. नांवही जोतीरावांच्या समाजावरून घेतलें. त्यांस आपल्या लोकांचे दगड-शिव्या खाव्या लागल्या. तोंडी तलाक न्यायालयानें २०१७ सालीं रद्द ठरविला, तेव्हां त्या सात जणींची आठवण किती मशिदींत निघाली?

जातीचेंही तसेंच. 'इस्लामांत जात नाहीं' हें पुस्तकापुरतें खरें. बिलाल हबशी गुलाम होता आणि पहिली बांग देण्याचा मान त्यास मिळाला, ही गोष्ट ऐकून आमचें मन भरून येतें. परंतु महाराष्ट्रांत बागवानाची सोयरीक बागवानाशीं, पिंजाऱ्याची पिंजाऱ्याशीं, आणि सय्यदाच्या घरीं मुलगी मागण्याची छाती तांबोळ्यास आजही होत नाहीं. हें झांकून ठेवण्यांत लाभ कोणाचा? तेथल्या वरच्यांचा. हें उघड बोललें तर आमच्या माळ्यास, कोष्ट्यास चटकन् कळेल कीं समोर बसलेला आपल्याच दुखण्याचा माणूस आहे. महाराष्ट्र सरकारनें १९९४ सालीं मुसलमानांतील मागास जातींस इतर मागासवर्गांत धरलें. माळ्याच्या मुलाचा आणि बागवानाच्या मुलाचा दाखला एकाच कचेरींतून निघतो, रांगही एकच. सच्चर समितीनें २००६ सालीं आणि राज्याच्या मेहमूदुर रहमान समितीनें २०१३ सालीं मुसलमानांच्या शिक्षणाची व नोकरीची जी हलाखी मांडली ती वाचून कोणीं म्हणेल काय कीं यांचे लाड झाले?

सांगवींत मंडळें पुष्कळ आहेत. वर्गणी जमते, ध्वनिक्षेपक येतो, मांडव होतो. एखाद्या मंडळानें एका शुक्रवारीं आपलीं पन्नास पोरें आणि तितक्याच पोरी घेऊन जवळच्या मशिदींत जावें. मशिदीच्या विश्वस्तांनीं त्या दिवशींचा खुतबा मराठींत समजावून द्यावा, बायकांसाठीं मागचें दार न दाखवितां पुढचेंच उघडावें. पुढाऱ्यांस बोलावूं नये. इफ्तारच्या खुर्च्यांवर बसून छायाचित्र काढून घेणारांनीं या कामाची पुरेशी माती केली आहे. वाचनालयांनीं मराठी कुराण आणि दलवाईंचीं पुस्तकें एकाच फळीवर ठेवावीं. सोसायटीच्या बैठकींत 'अमुक धर्मास जागा देऊं नये' असें कोणीं बोलला तर तें बैठकीच्या वहींत त्याच्या सहीनिशीं लिहून घ्यावें. मग पाहा, किती जण सही करितात.

तुकोबांची पालखी देहूहून निघाली कीं तिची पहिली आरती अनगडशहा फकिराच्या दर्ग्यापाशीं होते. मग ती आकुर्डीस मुक्काम करिते आणि दुसऱ्या दिवशीं दापोडीवरून, म्हणजे सांगवीच्या उंबरठ्यावरून, पुण्यास जाते. सांगवीकर दर वर्षीं तिच्या पायांवर डोकें ठेवितात. ज्यांस मशीद पाहणें हा डाव वाटतो त्यांनीं ज्येष्ठांत देहूस जाऊन ती पहिली आरती थांबवून दाखवावी. तें जमत नसेल तर आमच्याबरोबर शुक्रवारीं यावें, प्रश्न कागदावर लिहून आणावे, कितीही कडू असोत. चपला बाहेर काढाव्या लागतात, एवढी सूचना आधींच देऊन ठेवितों.